रायटर हवा आहे

धनकवडीहून स्वारगेट आणि तेथून मार्केट यार्ड असा माझा रोजचा प्रवास. तिकिटाचे नेमके सुट्टे पैसे मी घरूनच मुठीत घेऊन निघत असे, म्हणजे कंडक्टरला थांब्याच्या नावापलीकडे काही सांगावे लागू नये. ते एक नावही मी बस येण्याच्या आधीपासून मनात घोळवीत उभी राहत असे. भुसार बाजारातल्या एका अडत्याच्या पेढीवर मी हिशेब लिहिते. आत पोटमाळ्यावर संगणक आणि वह्या, खाली गिऱ्हाईक, हमाल, दलाल यांचा दिवसभर कोलाहल. ही जागा मी पगारापेक्षा त्या पोटमाळ्यासाठी धरून ठेवली होती, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

अनोळखी माणसाशी बोलण्याच्या या भीतीमागे एखादा मोठा आघात असेल असे लोकांना वाटते, पण माझ्या बाबतीत तसे काही नाही. माझे गाव वाई तालुक्यातले, लहान, आणि तेथे अनोळखी माणूस म्हणजे वर्षाकाठी येणारा कल्हईवाला किंवा बहुरूपी. वडील ग्रामसेवक असल्यामुळे घरी माणसांची ये-जा असे, परंतु ती सगळी कुणाचा कोण हे ठाऊक असलेली माणसे होती. अठराव्या वर्षी पुण्यात आले तेव्हा आईने एकच सूचना दिली, "अनोळखी माणसाशी बोलायचं नाही." तिने ती पहिल्या महिन्यापुरती दिली असावी आणि मी ती अठरा वर्षे पाळली. दारावरची घंटा वाजली तर मी श्वास रोखून बसे. अनोळखी क्रमांकावरून आलेला फोन वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे नुसती पाहत राही. रिक्षा लांबच्या रस्त्याने जात असली तरी मला बोलता येत नसे.

हे असेच चालले असते, पण २०१८ च्या पावसाळ्यात स्वारगेटच्या एस.टी. स्थानकाबाहेर एक म्हातारी दिसली. नऊवारी लुगडे, हातात पिशवी, आणि दुसऱ्या हातातली चिठ्ठी ती येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे धरीत होती. तिने ती माझ्यापुढेही धरली. त्यावर ससून रुग्णालय आणि एका वॉर्डाचा क्रमांक लिहिलेला होता, आणि तो मी चालता चालता वाचलाही. वाचला, आणि पुढे गेले. बस कुठून मिळते हे मला माहीत होते, वेळही होता, आणि तरीही तोंडातून शब्द फुटला नाही. आठवडाभर ती चिठ्ठी डोळ्यांपुढून हलली नाही. तोवर माझी भीती हा माझा खासगी मामला आहे, तिच्यामुळे दुसऱ्या कुणाचे काही बिघडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातलेली होती.

पेढीवरच्या एका मैत्रिणीने मला समुपदेशकांकडे नेले. त्या विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धतीने काम करणाऱ्या होत्या. या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांची गोष्ट त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितली: एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत, म्हणून एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी बोलू लागले. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे अशा १३० स्त्रिया भेटल्या, तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणे झाले, एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. तरीही आपल्याला काही झाले नाही, ही त्यांना मिळालेली खरी कमाई. गोष्ट मला आवडली. मलाही गृहपाठ मिळाला: सारसबागेत जाऊन रोज पाच अनोळखी माणसांना वेळ विचारायची. मी तो तीन दिवस केला. चौथ्या दिवशी एका गृहस्थांनी माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले, आणि मी पुन्हा त्या बागेत गेले नाही. पद्धतीत दोष होता असे मी म्हणणार नाही, ती अनेकांना उपयोगी पडलेली आहे. परंतु ज्याची मला गरज नाही ते विचारण्यासाठी परक्या माणसाला थांबवणे हे मला खोटे वाटत होते, आणि खोटेपणाची लाज भीतीत मिसळली की दोन्ही वाढत होते.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, वाचनालयाच्या फलकावर हाताने लिहिलेला एक कागद लावलेला दिसला. "अंध विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी रायटर हवे आहेत. अक्षर सुवाच्य असावे. बी.कॉम. चालेल." सरकारी कागदांत या कामाला लेखनिक म्हणतात, पण विद्यार्थी मात्र सगळे रायटरच म्हणतात. मला त्यातले अक्षर तेवढे दिसले. बोलण्याची अट कुठेच नव्हती. परीक्षेच्या खोलीत सगळे गप्पच असतात, समोरच्याने सांगायचे आणि आपण लिहायचे, यापेक्षा आपल्याला सोयीचे काम कोणते असणार, असा विचार करून मी त्यावरच्या क्रमांकावर संदेश पाठवला. फोन करण्याची हिंमत अर्थातच नव्हती.

तो संदेश पोचला राज्यशास्त्रात बहिःस्थ एम.ए. करणाऱ्या, अंबाजोगाईकडच्या एका तरुणाकडे. त्याच्या फोनमधल्या मजकूर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने तो त्याला वाचून दाखवला आणि त्याने उलट फोन केला. मी उचलला नाही. त्याने पुन्हा केला. तिसऱ्या वेळी उचलला, कारण आपणच संदेश पाठवून आता लपून बसणे हे मलाही फार झाले.

पहिली भेट टिळक रस्त्यावरच्या एका अभ्यासिकेत ठरली. मी वेळेवर पोचले, तो दाराशी पांढरी काठी घेऊन उभा होता, आणि मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले व हसले. अनोळखी माणूस भेटला की मी हेच करते, हसते आणि समोरच्याने सुरुवात करण्याची वाट पाहते. तो अर्थातच वाट पाहत राहिला. पंधरा-वीस सेकंद आम्ही तसेच हातभर अंतरावर उभे होतो. शेवटी मला बोलावे लागले. आत बसल्यावर त्याने विचारले, "तुम्ही याआधी कुणाचा पेपर लिहिलाय का?" मी मान हलवली. थोडे थांबून तो शांतपणे म्हणाला, "ताई, मान हलवली असेल तर मला कसं कळणार?"

त्या एका तासात माझी सगळी हत्यारे निकामी झाली. मान डोलावणे, ओशाळे हसणे, नजर फोनमध्ये घालणे, खुणेने भागवणे, म्हणजे न बोलता वेळ निभावण्यासाठी मी वर्षानुवर्षे जमवलेले सगळे सामान त्याच्यापुढे अस्तित्वातच नव्हते. मी आहे हे कळण्यासाठी मला आवाज करावा लागत होता. आणि त्याच वेळी, ज्या एका गोष्टीची मला सर्वांत धास्ती होती, ती, म्हणजे समोरच्याची आपल्यावर खिळलेली नजर, तीही तेथे नव्हती. हे कबूल करताना मला जरा संकोच वाटतो, कारण दुसऱ्याच्या अंधत्वाचा मला झालेला हा फायदा होता. पुढे कधीतरी मी हे त्याला सांगितले तेव्हा तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, "चला, कुणाला तरी झाला."

डोळस माणसाने अंध माणसाबरोबर कसे चालावे हेही त्यानेच शिकवले. आपण त्याचा हात धरून ओढायचे नसते, तर त्याला आपले कोपर धरू द्यायचे असते आणि अर्धे पाऊल पुढे चालायचे असते, म्हणजे आपल्या शरीराच्या हालचालीवरून त्याला वळण कळते. पायऱ्या आल्या की क्षणभर थांबून चढायच्या आहेत की उतरायच्या हे सांगायचे. खुर्ची दाखवायची तर खांदे धरून बसवायचे नाही, त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवायचा. आणि उठून जाताना "मी जाते" असे सांगून जायचे, नाहीतर माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो. टिळक रस्ता ओलांडताना त्याने माझे कोपर धरले तेव्हा मला प्रथम जाणवले ते हे, की त्याची बोटे घट्ट आवळलेली होती. रस्त्याला तो घाबरत नव्हता, तो रोज एकटाच ओलांडत असे. तो मला घाबरत होता.

याचे कारण दुसऱ्या आठवड्यात समजले. आदल्या वर्षी ठरलेला रायटर पेपरच्या दिवशी सकाळी आलाच नाही, त्याचा फोन बंद होता, आणि तो पेपर बुडाला. त्याच्याही आधी, एका परीक्षेसाठी त्याने चाळिसाहून अधिक अनोळखी लोकांना फोन केले होते. कुणी विचार करून सांगतो म्हणाले, कुणी पैसे किती देणार असे विचारले, एकाने भीक मागण्याची नवी तऱ्हा म्हणून फोन ठेवला. "फोन लावायच्या आधी माझ्या पोटात गोळा यायचा," तो म्हणाला. हे माझेच वाक्य होते. फरक इतकाच की मला गोळा आला की मी फोन लावत नसे, आणि त्याला लावावाच लागे.

सराव आम्ही आठवड्यातून दोनदा, सात आठवडे केला. मला वाटले होते त्याहून हे काम कितीतरी कठीण निघाले. पदवीनंतर मी हाताने सलग दोन पानेही लिहिली नव्हती, त्यामुळे पहिल्या दिवशी अर्ध्या तासात अंगठा आखडला. तो वर्तमानपत्रातला अग्रलेख ऐकून पाठ करी आणि मला सांगे, मी लिही, मग तो परत वाचायला लावी. विरामचिन्हे तो बोलून सांगत असे. "नवा परिच्छेद", "अधोरेखित करा", "हे कंसात". राज्यशास्त्रातली नावे मला ठाऊक नव्हती. ग्राम्शी हे नाव मी पहिल्या वेळी "ग्रामश्री" असे लिहिले आणि ते एखाद्या पुरस्काराचे नाव असेल असे समजले. मग आम्ही नावांची वेगळी वही केली. प्रश्नपत्रिका आधी संपूर्ण वाचायची, गुणांसकट, मग पुन्हा एकदा सावकाश, आणि वाचताना आवाजात कुठेही "हा सोपा आहे" असा सूर येऊ द्यायचा नाही, कारण तोही एक इशाराच ठरतो, हे त्याने बजावून सांगितले.

कागदपत्रांविषयी फार लिहीत नाही: लेखनिकासाठीचा अर्ज, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, माझी गुणपत्रिका, छायाचित्र, ओळखपत्र, हमीपत्र. स्वतःचा लेखनिक आणायचा तर त्याचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचे असावे असा तेव्हा नियम होता. माझी बी.कॉम.ची पदवी आयुष्यात प्रथमच तिच्या अपुरेपणामुळे उपयोगी पडली.

पहिला पेपर २०१९ च्या एप्रिलमध्ये होता. आम्हाला वेगळी खोली दिलेली होती. पेपर तीन तासांचा. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ द्यावा लागतो, म्हणजे आमचे चार तास. तीन तास झाले आणि पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागायला आले. असा काही नियम आपल्याला कळवलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. तो उभा राहिला आणि त्यांना शांतपणे सांगू लागला, पण ते त्याच्याशी न बोलता माझ्याशी बोलत होते. "मॅडम, तुम्ही यांना समजावा." अंध माणसाबरोबर गेले की हे फार होते, हॉटेलातसुद्धा वेटर मलाच विचारतो की हे काय घेणार.

तो म्हणाला, "ताई, पिशवीत सूचनांची प्रत आहे. भरपाईच्या वेळाचं कलम वाचा." त्याला ती छापील प्रत वाचता येत नव्हती, म्हणूनच मी तेथे होते. मी उभी राहून वाचू लागले. हातातला कागद थरथरत होता आणि पहिल्या ओळीला आवाज फुटेना, तेव्हा पर्यवेक्षक म्हणाले, "मोठ्याने वाचा." मी मोठ्याने वाचले. मग केंद्रप्रमुख आले, त्यांच्यापुढे पुन्हा वाचले. तिसऱ्या वेळी तर मी ते जवळजवळ पाठ म्हटले. यात सात मिनिटे गेली. त्याने तीही मागून घेतली आणि केंद्रप्रमुखांनी दिली. मी काही शौर्य केले असे नाही, युक्तिवाद सगळा त्याचा होता. पण चार अनोळखी माणसे माझ्याकडे पाहत असताना मी बोलले, आणि त्या वेळी माझे लक्ष माझ्या आवाजाकडे नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे होते.

दुसऱ्या पेपरात जॉन रॉल्स यांच्यावर प्रश्न होता. समाजात आपण कोण असणार, श्रीमंत की गरीब, धडधाकट की अपंग, हे ठाऊक नसलेल्या माणसांनी अज्ञानाच्या पडद्याआड बसून न्यायाचे नियम ठरवले तर ते कसे असतील, असे काहीसे तो सांगत होता. त्या वेळी मी केवळ ऱ्हस्व-दीर्घ सांभाळीत होते. अर्थ समजला तो घरी जाताना बसमध्ये.

सर्वांत अवघड गेला तो तिसरा पेपर. पंचायत राज्यावरचा प्रश्न होता आणि तो भराभर सांगत होता. त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आल्याची तारीख त्याने सांगितली, "२४ एप्रिल १९९४." माझा हात थांबला. ग्रामसेवकाच्या घरात वाढलेल्या मुलीला ती तारीख चुकणे शक्य नव्हते. ते वर्ष १९९३. वडिलांच्या तोंडून मी ते शेकडो वेळा ऐकले होते. तो थांबून विचारू लागला, "लिहिलं?" मी चाराऐवजी तीन काढला असता तर ते कुणालाही कळले नसते. नुसते "किती म्हणालात?" असे विचारले असते तरी तो सावध झाला असता. ज्याच्या भल्यासाठी आपण आलो आहोत त्याची चूक डोळ्यांदेखत स्वतःच्या अक्षरात लिहायची, यासारखा दुसरा छळ नाही. मी १९९४ लिहिले आणि म्हणाले, "लिहिलं."

पेपर संपल्यावर जिना उतरताना तो मधेच थांबला. "ताई, मी चौऱ्याण्णव म्हणालो का?"

"हो."

"तुम्ही तेच लिहिलंत?"

"तेच लिहिलं."

तो काही पायऱ्या गप्प उतरला. मग म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणाले. माझ्या कोपरावरची त्याची बोटे सैल होती, हे माझ्या त्या वेळी लक्षात आले. केव्हापासून होती ते सांगता येणार नाही.

तो उत्तीर्ण झाला आणि आता एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. मी त्यानंतर आणखी नऊ जणांचे पेपर लिहिले आहेत. त्यांतली एक मुलगी डोळस आहे, पण लिहिताना तिचा हात इतका आखडतो की लेखणी धरवत नाही. अशा विद्यार्थ्यांना पूर्वी अपंगत्वाची टक्केवारी भरत नाही म्हणून परत पाठवीत. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची सोय ४० टक्के अपंगत्वाच्या अटीला बांधता येणार नाही असा निर्णय दिला, आणि पुढच्या वर्षी तशा सूचनाही निघाल्या. त्या निकालाची प्रतही आता माझ्या पिशवीत असते. परीक्षांच्या हंगामात नवे रायटर मिळवण्यासाठी फोन करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. ते मी नाखुशीने घेतले, आणि अजूनही पहिला क्रमांक फिरवण्याआधी पाणी पिऊन येते. संस्कृतचा रायटर मिळणे सर्वांत कठीण. जोडाक्षरे ऐकून बिनचूक लिहिणारा माणूस शोधायला कधी कधी वीस फोन लागतात.

बसमध्ये सुट्टे पैसे मी अजूनही मुठीत घेऊन बसते. त्यात मला आता काही वाईटही वाटत नाही.

स्वारगेटला चिठ्ठी घेतलेली माणसे मात्र मला आता लांबूनच दिसतात. सगळ्यांनाच विचारलेले आवडते असे नाही. गेल्या महिन्यात एका आजोबांना मी "कुठं जायचंय, बाबा?" असे विचारले, तर त्यांनी चिठ्ठी धोतराच्या सोग्यात लपवली आणि मला खालून वर न्याहाळत म्हणाले, "तू कोण?" त्यांना घरून कुणीतरी बजावून पाठवले असणार. मी नाव सांगितले, त्याने काही झाले नाही. मग गाव सांगितले, वडिलांचे नाव सांगितले, ते ग्रामसेवक होते आणि कोणकोणत्या गावांना होते हेही सांगितले. तिसऱ्या गावाला आजोबांनी मान वर केली. त्यांची थोरली बहीण त्या गावात दिलेली होती. चिठ्ठी त्यांनी बाहेर काढली, पण माझ्या हातात दिली नाही. स्वतःच धरून म्हणाले, "वाच."